चंद्रीचा खोडा

बाळासोनं चंद्रीचे दोन्ही कान मुठीत धरून पिळले आणि तिचं तोंड दगडी डोणीच्या कडेवर दाबून धरलं.

"काढ," तो बायकोवर खेकसला. "बघत काय बसलीस? काढ की धार."

बनाबाई शेळीच्या कुशीला उकिडवी बसली होती. तिनं कासेला हात लावला मात्र, चंद्रीनं मागचा पाय असा झाडला की चरवी अंगणभर घरंगळत गेली आणि तळाशी साठलेलं घोटभर दूध मातीत जिरून गेलं. बाळासोनं कान सोडले. कुडाला टेकवलेली बाभळीची काठी उचलली आणि तो शेळीला मारत सुटला. आधी पाठीवर, मग पोटावर, मग नाकाडावर. काठीचा शेंडा मोडून उडाला तेव्हा कुठे थांबला. हातात उरलेल्या तुकड्याचा एक तडाखा त्यानं जाता जाता बनाबाईच्या पाठीत घातला. दूध सांडलं म्हणून.

बनाबाई ओरडली नाही. ओरडली ती आत झोळीतली पोर.

विजयमाला पिशवी खांद्याला लावून दारात उभी होती. आईचं तेरावं होऊन गेलं होतं, पाहुणे पांगले होते, तीही कुंभारीहून सोलापूरला परत निघाली होती. नव्या पेठेच्या मागं तिची एक खोली होती, महापालिकेच्या शाळेत नोकरी होती, आणि रजा आता ताणवत नव्हती.

"बाळासो," ती म्हणाली, "मुकं जनावर आहे ते."

"मुकं?" तो वळला. धाकटा भाऊ तिचा, पण अंगानं दुप्पट. "अक्का, ह्या मुक्या जनावरानं आपली आई खाल्ली. इसरलीस? ह्या मंगळवारी हिला बाजारात न्हेऊन खाटकाच्या हातात देतो. दावं माज्याच हातानं सोडतो. तवा माजं काळीज थंड हुईल."

आई कशी गेली ते त्यानं येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं होतं, आणि दर वेळी त्याच शब्दांत. सकाळची वेळ. आई, म्हणजे सोनाबाई, शेळीच्या कुशीला बसून धार काढत होती. चंद्रीनं लाथ घातली ती कानाखाली बसली. आई डोणीवर आदळली. पाणी मागायलासुद्धा सवड मिळाली नाही. विजयमालाला शाळेत निरोप मिळाला आणि ती धावत गावी पोचली तोवर बायकांनी आईला न्हाऊ घालून ओसरीत निजवलं होतं. डोक्यावरचा पदर दोन्ही कानांवरून हनुवटीपर्यंत ओढून घेतलेला होता. आई असा पदर कधी घ्यायची नाही. एवढं विजयमालाच्या लक्षात आलं होतं, पण त्या वेळी लक्षात येण्याला काही अर्थ नव्हता.

दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. घरच्या बाकीच्या शेळ्या विकून नाहीतर मरून संपल्या होत्या, दुधाची तेवढी चंद्री उरली होती. बनाबाई रोज खडी फोडायला जायची. रेशनवरच्या परदेशी मिलो ज्वारीची लाल भाकरी खाऊन आणि दिवसभर हातोडा मारून तिच्या अंगावर दूध राहिलं नव्हतं. पोर वाढत होती ती चंद्रीच्या दुधावर, आणि चंद्री कासेला हात लावू द्यायची ती फक्त सोनाबाईला. सोनाबाई गेल्यापासून पोरीला ज्वारीच्या पेजेचं पाणी पाजत होते. तिचे गाल बसले होते. रडताना आता तिच्या तोंडून पूर्ण आवाजही निघत नव्हता.

विजयमालानं खांद्यावरची पिशवी खाली ठेवली.

"मंगळवारपर्यंत मला दे. मी तिची धार काढून दाखवते. तिनं चरवीला पाय लावला तर तू ने तिला. नाही लावला, तर ती इथंच राहील. पोरीसाठी."

बाळासो हसला. "तू? खडूनं काढनार व्हय धार? काढ की. मंगळवारी मी सायकलला दावं बांदायच्या आत काढ."

आणि मिलची पाळी गाठायला तो सायकलवर टांग टाकून निघाला. बदली कामगार होता तो. पहाटेपासून मिलच्या फाटकाशी उभं राहायचं, कुणी आला नाही तर त्याच्या जागी आत जायचं, आणि सगळे आले तर हात हलवत परत यायचं. परत येण्याचे दिवस अलीकडे वाढले होते. ते दिवस बनाबाईच्या अंगावर ओळखू यायचे.

शाळेच्या वाचनालयात विजयमाला हाताला लागेल ते वाचायची. परदेशातल्या पशुपालनाच्या एका जाड पुस्तकात तिनं एक चित्र पाहिलं होतं. गुडघ्याएवढ्या उंचीचा लाकडी ओटा, त्यावर उभी राहिलेली शेळी, तिची मान दोन उभ्या दांड्यांमध्ये अलगद धरलेली, तोंडापुढे खाणं, आणि बाजूला स्टुलावर बसून धार काढणारी, पांढरा एप्रन घातलेली बाई. शेळी खाण्यात गुंग. कान पिळणारं कुणी नाही, काठी नाही. कुणाला मारायची गरजच पडू नये अशी ती वस्तू होती.

लाकूड मात्र घरात कुठेच नव्हतं. जळण म्हणून सगळं गेलं होतं. उरली होती ती आईची बाज, बाभळीच्या जाड पायांची. मेलेल्या माणसाची म्हणून ती परसात लिंबाला उभी टेकवून ठेवली होती. तिच्यावर आता कुणी निजणार नव्हतं आणि तिला चुलीत घालायला कुणाचा हात धजत नव्हता.

ती ईश्वरप्पा सुताराकडे करवत मागायला गेली.

"एन्री बाई," म्हातारा आपल्या कानडी सवयीनं म्हणाला, "शाळेत आता सुतारकाम बी शिकवता काय?"

"शेळीसाठी खोडा करायचाय, ईश्वरप्पा."

"शेळीला खोडा?" त्यानं करवत, गिरमिट आणि एक मोठा बोल्ट तिच्या हातात ठेवला. "गावात खोडा घालावा अशी मानसं काय कमी हाईत व्हय?"

सुंभ कापायला विळा घेतला तेव्हा तिचा हात थांबला. बाजेच्या मधोमध खोलगट पडलं होतं, आईच्या अंगाच्या मापाचं. तिनं डोळे मिटले नाहीत. विळा घातला आणि सुंभ तडातडा तुटत गेलं. मग ती करवतीला लागली. बाभूळ जुनी, लोखंडासारखी. करवत अडकायची, ती पाय देऊन ओढायची, तळहाताला फोड येऊन फुटले आणि मूठ चिकट झाली. कापता कापता तिच्या तोंडून घशातला एक आवाज निघत होता. तेराव्यापर्यंत तिला रडू आलं नव्हतं. आताही ते रडू नव्हतं. कुणाचा तरी गळा धरल्यासारखी ती ते लाकूड कापत होती.

बनाबाई खडीवरून आली ती पहार घेऊनच पुढे झाली. तिचा एक डोळा सुजून बारीक झाला होता.

"वन्सं, पाय नुसतं ठिवून भागायचं न्हाय. शेळी लई धसमुसळी. जमिनीत गाडायला पायजेत."

"तुला गाडता येतील?"

"वीतभर खड्डं घ्यायचं, इतकंच की. रोज डोंगर फोडतीया मी." तिनं पहार उचलून अशी हाणली की मातीचा ढेकूळ उडून विजयमालाच्या पायावर आला. दुसरा घाव घातला, तिसरा घातला. माती भुसभुशीत झाली तरी ती हाणतच राहिली.

"बनाबाई. पुरे."

"व्हय," ती म्हणाली आणि कपाळाचा घाम मनगटानं पुसला. "मन लागलं म्हनून."

दोघींनी मिळून बाजेचे चारी पाय जमिनीत गाडले, दगड ठोकून भरले. वर ईश्वरप्पाकडून मागून आणलेल्या जुन्या गव्हाणीच्या फळ्या मारल्या. पुढच्या बाजूला त्याच्याकडच्याच मोडक्या गाडीचे दोन खुंटे उभे केले. एक पक्का ठोकला. दुसऱ्याच्या बुडाशी बोल्ट घातला, म्हणजे तो डावी-उजवीकडे झुकेल. वरून एक आडवी फळी आणि फळीला गिरमिटानं पाडलेली तीन भोकं. हलता खुंटा हव्या त्या भोकापाशी आणायचा आणि वरून लाकडी खुंटी घालून पक्का करायचा. पहिलं भोक मोठ्या शेळीच्या मानेचं, दुसरं त्याहून लहान, तिसरं अगदी जवळ.

"ह्यो तिसरा कशाला? ह्यात तर मनगाट बी दाटून बसंल."

"करडाला औषध पाजायला."

"करडू हाय कुटं आपल्यात?"

"होईल की कधीतरी."

बनाबाईनं तिच्याकडं पाहिलं आणि हसली. हसताना फुटलेला ओठ ताणला गेला, तशी हात लावून थांबली.

सोमवारी बनाबाईनं खडीचा खाडा केला आणि दुपारी खोडा तयार झाला; अंधारात येऊन अंधारात जाणाऱ्या बाळासोचं तिकडं लक्षही गेलं नव्हतं. शेजारची मथुराबाई कुडावरून डोकावली. सोनाबाईच्या वयाची, तिच्यासोबत आयुष्यभर शेळ्या राखलेली.

"अगं माज्या कर्मा! आईच्या बाजंला करवत लावलीस व्हय गं?"

"आईच्याच शेळीसाठी लावली, मावशी."

मथुराबाईनं बाजेच्या त्या चार पायांकडं बराच वेळ पाहिलं आणि मग कुडाला वळसा घालून आत आली. कौतुक होतं की राग, ते तिच्या तोंडावरून कळेना.

ओट्यापुढच्या घमेल्यात विजयमालानं बाभळीच्या शेंगा टाकल्या. दुष्काळात बाभळीच तेवढ्या फळल्या होत्या. चंद्रीनं नाक वर केलं, पुढचे पाय ओट्यावर ठेवले, अंदाज घेतला आणि एका उडीत वर चढली. शेंगांसाठी मान घातली. विजयमालानं खुंटा सरकवला, खुंटी घातली. चंद्रीनं एकदा मान मागं ओढली, सुटेना म्हणून थांबली आणि पुन्हा शेंगा फोडू लागली.

विजयमाला चित्रातल्या बाईसारखी बाजूला पाट टाकून बसली. कासेला हात लावला.

खूर तिच्या हनुवटीवर बसला. तोंडात दात आपटले आणि रक्ताची चव आली. ती पाटावरून कोलमडली. वर चंद्री दोन्ही पाय झाडत होती, फळ्या थडाथड वाजत होत्या.

मथुराबाई पदराआड खिदळली. "म्हशीची धार काढतीयास व्हय? शेळीच्या कुशीला बसतंय का कोन? तुजी आई जलमात कदी कुशीला बसली न्हाय. मागनं बसायचं, तिचा पाय आपल्या गुडघ्याच्या बेचक्यात घ्यायचा आन दाबून धरायचा. मग हानंल कशी लाथ? कशानं हानंल? बघितलं न्हाईस व्हय आईला?"

पाहिलं होतं. लहानपणी रोज पाहिलं होतं. आईची पाठ, आईच्या टाचा, शेळीच्या शेपटाखाली वाकलेलं आईचं डोकं. पुस्तकातलं चित्र स्पष्ट आठवलं आणि हे मात्र आठवलं नव्हतं. त्या बाईच्या जागी आपण आपली आई कधी बसवलीच नाही, असं तिला वाटलं आणि हनुवटीच्या कळेपेक्षा ते जास्त लागलं.

"मला बी म्हाईत न्हवतं," बनाबाई पुटपुटली. "आमच्या म्हायेरी म्हशी."

विजयमाला ओट्यावर चढली, चंद्रीच्या मागं उकिडवी बसली. मागचा पाय गुडघ्याच्या बेचक्यात घेऊन पोटरीनं दाबला. चंद्री थरथरली. विजयमालानं तिच्या कुल्ल्याला कपाळ टेकवलं, आई टेकवायची तसं. थोड्या वेळानं थरथर विरली. पान्हा उतरला. पहिली चिळकांडी चरवीच्या बुडावर वाजली तेव्हा बनाबाईनं पोरीला झोळीतून उचललं.

पोर वाटीला चिकटून दूध प्याली. ठसका लागला, तरी वाटी सोडेना.

विजयमाला मात्र त्या गुडघ्याच्या बेचक्याकडे पाहत होती. शेळीचा पाय असा धरलेला असला की तो सुटत नाही. सुटला तरी मागं बसलेल्या बाईच्या कानाखाली लागत नाही. लागलाच तर छातीला लागेल, दंडाला लागेल. आई जन्मात कधी कुशीला बसली नाही. पण या घरात पुरुषानं शेळीची धार काढल्याचंही कुणी पाहिलेलं नव्हतं. बाळासोला ठाऊकच नव्हतं आई कुठे बसते ते. रोज बघूनही ठाऊक नव्हतं. त्यानं बायकोला बसताना पाहिलं होतं, आणि आईलाही तिथंच बसवलं होतं.

"मावशी," तिनं विचारलं, "आईला तुम्ही न्हाऊ घातलंत ना?"

मथुराबाईचं हसू गेलं. "मी आन बनाबाईनं."

"पदर असा कानावरून का घेतला होता?"

मथुराबाई उठली. "काठीचा वळ खुराचा न्हाय दिसत गं," ती जाता जाता एवढंच म्हणाली. "पर लेकरू होतं तिचं. तोंड झाकलं आमी."

बनाबाई पोरीच्या तोंडावरचं दूध पुसत होती. पुसून झालं तरी पुसत होती.

"तू होतीस तिथं?" विजयमालानं विचारलं.

"वन्सं, मला ही पोर हाय," बनाबाई म्हणाली. "मला हितंच निजायचं हाय."

उन्हं कलली तेव्हा कुडाशी सायकल आपटल्याचा आवाज आला. बाळासो आज पुन्हा हात हलवत परतला होता, आणि वाटेत कुठेतरी थांबूनही आला होता. अंगणात त्याची पावलं अडखळली. चंद्री ओट्यावर उभी होती, मान खोड्यात, तोंडात शेंग. पायाशी दुधाची चरवी होती.

"दूध दिलं तिनं," विजयमाला म्हणाली. "चरवीला पाय लागला नाही. तुझा शब्द होता, बाळासो."

त्याची नजर चरवीवर नव्हती. फळ्यांखालच्या त्या चार पायांवर होती.

"ही आईची बाज."

"हो."

"आईच्या बाजंवर शेळी चढवलीस. जिनं आईला मारलं ती." तो ओट्याभोवती फिरला. खुंट्याला धक्का देऊन पाहिला, खुंटी दाबून पाहिली. मग त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी पालटलं. "ब्येस केलंस, अक्का. कान धरायची कटकट ग्येली. आता हलायची न्हाय."

त्यानं बाभळीची नवी काठी उचलली.

पहिला घाव कासेवर बसला. चंद्रीनं जी किंकाळी फोडली ती शेळीची वाटत नव्हती. ती मागं ओढायला लागली, पुढं रेटायला लागली, पाय फळ्यांवर घसरत होते, पण मान निघेना. विजयमालानं मापं घेऊन, भोकं पाडून केलेला खोडा चोख होता. पाय वीतभर खोल गाडलेले होते. शेळीला तसूभरही निसटता येत नव्हतं आणि त्याला आता तिच्यामागं धावायचीही गरज नव्हती. तो सावकाश मारत होता. उन्हात वाळत घातलेली घोंगडी झोडपावी तसा, श्वास घेऊन, जागा बघून. शेळीच्या तोंडातून फेस आणि चावलेल्या शेंगांचा लगदा गळत होता.

विजयमाला खुंटीकडे धावली. तिचा हात फळीवर पडायला आणि काठी खाली यायला एकच गाठ पडली. मनगटात काहीतरी करकन वाजलं. ती गुडघ्यावर बसली. हात तिचा नसल्यासारखा लोंबायला लागला. पण ती बाजूला झाली नाही. शेळीच्या आणि त्याच्या मध्येच राहिली.

"हाण," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "आईसुद्धा अशीच मध्ये आली ना?"

काठी वर गेली होती ती तिथंच राहिली.

"आई कुशीला बसली हुती," तो म्हणाला. "लाथ कानाखाली..."

"आई कधीच कुशीला बसत नव्हती, बाळासो. मागं बसायची. विचार कुणालाही. गावातली कुठलीही बाई सांगेल."

बाळासो बायकोकडं वळला. बनाबाई पोरीला छातीशी धरून दारात उभी होती. तिच्या तोंडावर त्याला काय दिसलं कोण जाणे. त्यानं काठी भिरकावून दिली.

"मंगळवार कशाला पायजे? आत्ताच संपिवतो. कोयता आन गं. कोयता आन म्हंतो ना!"

बनाबाईनं पोर झोळीत ठेवली आणि आत गेली.

शेळीला खाली ओढायला म्हणून बाळासोनं खुंटी उपसून फेकली. खुंटा झुकला आणि चंद्रीनं जीव खाऊन मान मागं खेचली. ती सुटली. तो घमेल्याच्या बाजूला होता. त्यानं समोरूनच दोन खुंट्यांमधून उजवा हात मनगटापर्यंत आत घातला आणि तिचा कान पकडला. शेळीनं हिसडा दिला, कान अर्धा फाटला, तरी त्यानं मूठ सोडली नाही.

बनाबाई बाहेर आली. तिच्या हातात कोयता नव्हता, वरवंटा होता. तिनं पडलेली खुंटी उचलली, हलता खुंटा खांद्यानं रेटला आणि पार तिसऱ्या भोकापाशी आणला. खुंटी घातली. वरवंट्यानं तिच्यावर घाव घातला, मग आणखी एक. खुंटी फळीत बुडेपर्यंत हाणली, पहार हाणायची तशी.

बाळासोचं मनगट दोन खुंट्यांमध्ये चेपलं गेलं. मुठीतला कान सुटला. चंद्री ओट्यावरून उडी मारून डोणीमागं पळाली.

"ए!" तो आधी नुसता ओरडला. विश्वास बसला नव्हता. त्यानं हात ओढला. मूठ आडवी येत होती, आणि उघडलेला पंजाही बाहेर येईना. त्यानं लाथा घातल्या, अंग टाकून ओढलं, शिव्यांनी अंगण भरून टाकलं. जमिनीत गाडलेली बाभूळ हलली नाही. मग त्याचा डावा हात खुंटी चाचपत वर गेला.

बनाबाईनं त्या बोटांवर वरवंटा आणला.

त्याची किंकाळी ऐकून मथुराबाई धावत आली. तिच्यामागं गल्लीतली माणसं कुडाशी गोळा झाली. बाळासो खोड्यासमोर गुडघ्यावर आला होता, एक हात वर अडकलेला, दुसऱ्याची बोटं छातीशी धरलेली.

"आवरा हिला," तो माणसांना म्हणाला. "याड लागलंय हिला. वरवंटा काढून घ्या."

कुणी आत पाऊल टाकलं नाही.

"मी बघितलं," बनाबाई म्हणाली. ती त्याच्याशी बोलत नव्हती, कुडापलीकडच्यांशीही नव्हती. विजयमालाशी बोलत होती. "चुलीम्होरं हुते मी. आदल्या दिशी पाळी लागली न्हवती ह्यांची. सकाळी उठल्या उठल्या शेळीनं लेंड्या टाकल्या म्हनून हे काठी घिऊन धावलं. आत्याबाई धार काढत हुत्या. उठल्या आन शेळीच्या आडव्या झाल्या. एकदा न्हाय म्हनल्या. दुसऱ्यांदा न्हाय म्हनल्या. मग पडल्या."

"मी शेळीला मारत हुतो," बाळासो म्हणाला. आता त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. "शेळीला मारत हुतो मी. तीच मदी आली. मी न्हाय... तीच आली की गं मदी, अक्का."

विजयमालाला वाटलं होतं की हे ऐकलं की आपल्या हातून काहीतरी घडेल. पहार जवळच पडली होती. तिनं पहारीकडं पाहिलं, मग त्याच्या डोक्याकडं पाहिलं. मनगटाची कळ खांद्यापर्यंत चढली होती, आणि बरा हात पहारीकडे सरकतोय हे तिचं तिलाच दिसलं.

"बोलली का काही आई?" तिनं विचारलं. "पडल्यावर?"

बनाबाईनं वरवंटा खाली ठेवला.

"बोलल्या की. धार अर्धी ऱ्हायली म्हनल्या. तिची कास दुखंल, मोकळी कर म्हनल्या. आन पोरीला पाज म्हनल्या. मला मागनं बसायचं म्हाईत न्हवतं, वन्सं. मी कुशीला बसले. चंद्रीनं घिऊ दिलं न्हाय."

विजयमालाचा हात पहारीवरून मागं आला.

ती उठली. डोणीमागं चंद्री उभी होती, फाटक्या कानातून रक्त मानेवर उतरलेलं. बाळासोच्या नुसत्या श्वासाच्या आवाजानंही तिच्या कातडीवर शहारा उठत होता. विजयमाला हळूहळू तिच्यामागं गेली आणि मातीतच उकिडवी बसली. ओटा नाही, खोडा नाही. शेळीचा पाय गुडघ्याच्या बेचक्यात घेतला, कपाळ टेकवलं. बनाबाई चरवी घेऊन आली आणि खाली धरून बसली, कारण विजयमालाचा एकच हात चालत होता.

पहिल्या सडातून लाल आलं. ते मातीत सोडलं. पुन्हा लाल, मग गुलाबी. दुसऱ्या सडाला हात लावला तशी चंद्री कण्हली, पण पाय तिनं ओढला नाही. बऱ्याच वेळानं एक पांढरी धार आली आणि मग तिच्यामागून दुसरी. विजयमालाच्या तोंडावरून पाणी वाहत होतं, ते शेळीच्या केसांत जात होतं. तिनं ते पुसलं नाही. पुसायला हात रिकामा नव्हता.

ईश्वरप्पाला कुणीतरी बोलावून आणलं होतं. त्यानं खुंटी हलवून पाहिली आणि मान हलवली.

"निघायची न्हाय ही. लई ठोकलीया. कापावी लागंल. करवत कुटं हाय बाई, माजी करवत?"

करवत लिंबाखाली पडली होती. त्यानं ती उचलली आणि विजयमालाकडं पाहिलं, मग बनाबाईकडं. बाळासोचं मनगट सुजून खुंट्यांमध्ये आणखी घट्ट बसलं होतं. तो आता शिव्या देत नव्हता. घमेल्यातल्या शेंगांवर त्याची लाळ आणि नाकातलं पाणी गळत होतं.

"सांगा की," म्हातारा म्हणाला. "कापू?"

बनाबाईनं चरवी उचलून आत डोकावून पाहिलं. मग ती झोळीपाशी गेली, पोरीला मांडीवर घेतलं आणि वाटी भरली.

"थांबा जरा, ईश्वरप्पा," ती म्हणाली. "आधी लेकरू पिऊ द्या."